शालिनीचं दुखणं कुणी सांगायचं

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आज अमरगोळच्या बाजार आवारातल्या वजनकाट्यावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि शालिनीला ट्रस्टच्या दवाखान्यात दाखवून आणलं. तिच्या जिभेच्या उजव्या कडेला फोड आलाय, महिना होत आला. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. उष्णता असेल, गुलकंद खा, असं मी म्हटलं होतं. गुलकंद संपला, फोड तिथंच आहे.

दातांचे विनायक डॉक्टर म्हणजे आमच्या वस्तीचा भरवसा. लेकीचे, आरुषीचे, दुधाचे दात त्यांनीच काढले. त्यांना मराठी जेमतेम येतं आणि शालिनीचं कन्नड बाजारापुरतं, म्हणून मीच सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवून बॅटरीनं पाहिलं. एक दाढ टोकदार झाली होती, ती घासून दिली. मग कापूस कोंबता कोंबता मला विचारलं, "तंबाखू वगैरे?"

मी म्हटलं, "छे हो डॉक्टर. आम्ही पंचशील पाळणारी माणसं. आमच्या घरात तंबाखूला कुणी शिवत नाही."

शालिनी काहीतरी म्हणत होती, पण तोंडात कापूस. मलम आणि लाल गोळ्या दिल्या.

रिक्षात ती म्हणाली, "अहो, मिश्रीचं सांगायला पायजे होतं काय?"

मला हसू आलं. मिश्री दात घासायला असते, ती काय कुणी खातं? माझी आई जन्मभर मिश्रीच लावत होती. तव्यावर भाजून काळी केलेली पूड, तिच्यात तंबाखूचं काय उरतंय? डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, दात घासायचं नाही.

११ मार्च, सोमवार

पुन्हा जाऊन आलो. दवाखान्यात दारापर्यंत रांग. कसं आहे म्हणून डॉक्टरांनी टेबलावरूनच विचारलं, "हेंग ऐत्री?" मी म्हटलं, "कम्मी ऐत्री." एवढ्या गर्दीत ते आपल्याला ओळखतात, आणि त्यांच्या तोंडावर तुमच्या औषधानं कमी नाही म्हणायचं, हे बरं दिसत नाही. शिवाय शालिनी आता पूर्वीसारखी कुरकुर करत नाही, म्हणजे कमी असणारच. तेच औषध पुढं चालू ठेवलं.

बाहेर आल्यावर म्हणते, "अजून बोचालंय."

"मग आत का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलालता की."

मी तिला समजावलं, की दोघांनी एकदम बोललं तर डॉक्टर गोंधळतात. ती गप्प बसली. समजूतदार आहे.

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक छान झाली. शालिनी बायकांच्या रांगेत पुढं होती, निळ्या काठाच्या साडीत. जेवणाच्या पंगतीला मात्र बसली नाही. घरी येऊन भात ताकात कुस्करून खाल्ला, तोही डाव्या बाजूनं. उजवा कान ठणकतो म्हणते. शेजारच्या यल्लव्वानं कानात कोमट तेल घालून दिलं.

६ मे, सोमवार

विनायक डॉक्टरही म्हणाले, उन्हाळ्याची उष्णता आहे. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो, त्यामुळे मनाला समाधान वाटलं. गोळ्या बदलून दिल्या. आम्ही उभ्या उभ्याच बोललो, खुर्चीत दुसरा पेशंट होता.

शालिनीनं आज विचित्रच केलं. कुणी सांगितलं नसताना डॉक्टरांसमोर एकदम तोंड उघडून जीभ बाहेर काढली. डॉक्टर तेव्हा खुर्चीकडे वळले होते. लोक बघायला लागले. मी म्हटलं, "अगं, पुरे." तिनं तोंड मिटलं आणि बसस्टॉपपर्यंत माझ्या पुढं पुढं चालत राहिली.

कानाचं सांगायचं राहून गेलं. पण ते दातांचे डॉक्टर, कानाचं त्यांना काय सांगायचं!

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना घेतली. चौथं शील म्हणताना माझं मन नेहमी तिथं रेंगाळतं. खोटं बोलणार नाही, इतकं सोपं ते नाही. खरं बोलणंही कधी, कुणी, कुणाशी, ह्याचा विचार करत मी बराच वेळ डोळे मिटून बसलो.

शालिनीचे शब्द आज जड येत होते. उपासानं थकली असेल.

१२ जून, बुधवार

काल आरुषी आईच्या डोक्याला तेल लावत होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात ओरडण्यात मात्र पदवीधर. एकदम किंचाळली, "अप्पा, हे काय आहे?" जबड्याखाली गाठ. बोराच्या बीएवढी, घट्ट.

आज तिनं आईला धारवाडला नेलं. तोंडाच्या रोगांच्या डॉक्टर आहेत, श्रीलक्ष्मी म्हणून, त्यांना मराठी येतं. आमच्या काट्यावर मालाच्या गाड्या लागल्या होत्या, मला निघता आलं नाही. सगळं कसं सांगायचं ते मी आरुषीकडून दोनदा म्हणून घेतलं होतं.

संध्याकाळी विचारलं, "सांगितलंस ना सगळं?"

"मी काही नाही सांगितलं. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं."

"मग बोललं कोण?"

"आई."

शालिनी आत अर्धा तास होती. डॉक्टरबाईंनी तिला म्हणे पहिलाच प्रश्न असा केला, की सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करता? चुलीपासून नळापर्यंत सगळं ऐकून घेतलं. त्यात मिश्री आली. त्या म्हणाल्या, मिश्री म्हणजे तंबाखूच, हिरडीला लावलेला. मग हातमोजा घालून फोडावर बोट फिरवलं. वरून फोड, खाली मात्र सुपारीसारखं कडक. लगेच तुकडा काढून तपासायला पाठवला.

एवढं सांगताना शालिनीच्या तोंडाला रक्त येत होतं, तरी सांगत होती.

१९ जून, बुधवार

नाव लिहावंसं वाटत नाही. लिहितो. कॅन्सर.

मी विचारलं, "मॅडम, जगेल ना?" डॉक्टरबाई माझ्याकडे न बघता शालिनीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उशीर झालाय. पण मी हरले असं म्हणण्याइतका नाही. फेब्रुवारीत बोट लावून बघितलं असतं तर नखाएवढा तुकडा काढून भागलं असतं. आता जिभेचा एक भाग जाईल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, मग करंट, म्हणजे किरणांचे उपचार."

शालिनीनं एवढंच विचारलं, "बोलायला येईल?"

"येईल. लहान मुलासारखं शिकावं लागेल."

"शिकतो," ती म्हणाली. तिच्या माहेरी, खानापूरकडे, बायकाही असंच म्हणतात. लग्नानंतर मी तिला "शिकते" म्हणायला शिकवलं होतं. आज ते गेलं.

घरी आल्यावर तिनं मिश्रीची डबी उचलली आणि गटारीत उपडी केली.

३ जुलै, बुधवार

सकाळी ऑपरेशनला नेलं, दुपारी तीनपर्यंत आत. मी बुद्धं सरणं म्हणत राहिलो. कितीदा म्हटलं ते मोजलं नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "निघालं सगळं. कापलेल्या कडा स्वच्छ वाटतायत."

९ जुलै, मंगळवार

नाकातून नळी, नळीतून पेज. बोलायची बंदी. तिनं चमचा घेतलाय आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवते. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे नर्सबाई, आणि खडखडाट म्हणजे मी चुकीचं समजलोय. दिवसभर खडखडाटच चालू. आज नर्सनं विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, कालपेक्षा कमी. लगेच खडखडाट. मग नर्सनं तिच्याकडे बघून, दहापैकी किती, असं बोटं मोजत विचारलं, तिनं आठ बोटं दाखवली.

आजारी माणूस चिडका होतो, हे खरंच आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

करंट चालू आहे. तोंड आतून सोलल्यासारखं झालंय. तरी पातळ आंबील स्वतःच्या हातानं पिते.

आरुषी म्हणते, ट्रस्टच्या दवाखान्यावर तक्रार करायची. मला दोन्ही बाजू दिसतात. विनायक डॉक्टर वाईट माणूस नाही. वस्तीतल्या कितीतरी लोकांना त्यांनी फुकट तपासलंय. मनात वैर धरून वंदनेला कसं बसायचं? मी हे बोललो तर आरुषी भडकली. शालिनी कुंपणावर कपडे वाळत घालत होती. चिमटा लावता लावता थांबून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलली, "राग... नाय. पण त्या... खुर्चीत... उद्या यल्लव्वा बशील."

तक्रार दिली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारातून आलो तर ट्रस्टचं उत्तर आलेलं. आरुषीनं वाचून दाखवलं. उपचारात हयगय झालेली नाही, प्रत्येक भेटीत रुग्णाने सुधारणा असल्याचे सांगितले, तंबाखूचे व्यसन नाकारले.

माझं अंग पेटलं. धडधडीत खोटं! शालिनीनं असं कधीच सांगितलेलं नाही, मी दर वेळी तिथं हजर होतो, मी साक्षीदार आहे. मी हे मोठ्यानं म्हटलं. आरुषीनं माझ्याकडे बघितलं. मग शालिनीकडे बघितलं. शालिनी कढी ढवळत होती.

"समोर बसून बोलायचं म्हणून लिही त्यांना," शालिनी म्हणाली. अवघड वाक्य, पण पूर्ण म्हटलं.

२० ऑक्टोबर, रविवार

धारवाडच्या मळमड्डीत नूतन मॅडम राहतात, बोलणं शिकवतात. शालिनी आरशासमोर बसते. क, ग, म, सगळं येतं. ट, ड कष्टानं. ळ येतच नाही. त्याला जीभ वर वळवावी लागते, आणि वळवायला तिथं आता कमी आहे. "केळं" म्हणताना "केयं" होतं. मी शेजारून मदत म्हणून मोठ्यानं "केळं, केळं" म्हणत होतो, तर मॅडम म्हणाल्या, "कोलकार, तुमचं केळं छान आहे. तुम्ही बागेत जाऊन या."

बागेत गेलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रस्टनं पुढच्या शुक्रवारी बोलावलंय. मी भाषणाची तयारी चालवली आहे, शुद्ध कन्नडमध्ये. काट्यावरच्या हमाल रामूला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होता." शेवटी करुणेवर थोडं बोलणार आहे.

तरी मनात धाकधूक आहे. त्यांनी तक्रार निकाली काढली तर हे सगळं झालंच नाही असं होईल. माणसाचं दुखणं झालंच नाही असं कागदावर ठरणं, ते मला त्या गाठीपेक्षा भयंकर वाटतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

लांब टेबल. पलीकडे ट्रस्टचे अध्यक्ष, दोन सभासद, कडेला विनायक डॉक्टर. ते ह्या काही महिन्यांत म्हातारे दिसायला लागलेत. अलीकडे आम्ही तिघं. शालिनीनं गळ्याच्या टाक्यांच्या खुणांवर पदर घेतला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "हं, बोला कोलकार."

मी उठलो. घसा साफ केला. "सन्माननीय..." एवढं म्हटलं आणि मागून माझा शर्ट खाली ओढला गेला. मी बसलो. शालिनी उभी होती.

अध्यक्ष चांगुलपणानं म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास होईल. यजमानांना बोलू द्या."

तिनं विनायक डॉक्टरांकडे बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "नन्न केळबेकित्तरी." मला विचारायला हवं होतं. ळ आला नाही. "केयबेकित्तरी" असंच ऐकू आलं. पण त्या खोलीत एकालाही ते पुन्हा विचारावं लागलं नाही.

मग बोलत राहिली, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. जिथं जीभ अडली तिथं थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू. "डॉक्टर, मी तुमच्या दारात येत राहिले. तुम्ही ह्यांना विचारलं, कसं आहे. ह्यांनी सांगितलं, कमी आहे. फोड ह्यांच्या जिभेला होता काय?"

एक सभासद हसला आणि मग खाली बघायला लागला.

"तुम्ही तंबाखू विचारलं. ते पण ह्यांनाच. मी मिश्री लावत होते. दात कशानं घासता, एवढं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी लपवणार नव्हते. एकदा मी आपणहून जीभ काढून दाखवली. तुम्ही तिकडं वळला होता."

अध्यक्ष डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, तुमच्याकडे तर रुग्णानं सांगितलं असं लिहिलंय."

विनायक डॉक्टर उठून उभे राहिले. "लिहिलंय. पण बाई म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी बघितलं. त्यानंतर फक्त ऐकलं. तेही बाईंकडून नाही." आणि त्यांनी शालिनीला हात जोडले.

मला वाटलं, संपलं. पण शालिनी बसली नाही. "हात नका जोडू डॉक्टर. तुम्ही मोठे. मला शिक्षा नको कुणाला." मग तिनं जे पाहिजे ते सांगितलं. खुर्चीत बसवून तोंड बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा औषध द्यायचं नाही. दोन आठवड्यांत फोड गेला नाही तर बोट लावून बघायचं आणि पुढं पाठवायचं. दात कशानं घासता, हे प्रत्येक बाईला विचारायचं. आणि विचारताना बरोबरच्या माणसाला बाहेर बसवायचं.

हे शेवटचं जरा जास्त झालं असं मला वाटलं. पण सगळ्यात आधी तेच मंजूर झालं.

बाहेर पायऱ्यांवर आरुषीनं आईला मिठी मारली आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या. माझं भाषण खिशातच राहिलं. तयारी चांगली झाली होती. कोप्पीकर रोडवर थांबून आइस्क्रीम खाल्लं. गार चालतं तिला. तिनं दोन खाल्ली.

६ जानेवारी २०२५, सोमवार

ट्रस्टचं लेखी आलं. चूक मान्य केली आहे आणि नियम लागू झाले. दातांच्या विभागात भिंतीवर ह्या नियमांचा कन्नड आणि मराठीत फलक लावलाय. विनायक डॉक्टर नव्या डॉक्टरांना शिकवायला दर गुरुवारी शालिनीला बोलावतात. ती टाक्यांच्या खुणा दाखवते, जिभेला कुठं बोट लावायचं ते सांगते. शिकणारी मुलं तिला "मॅडम" म्हणतात. घरी येऊन तिनं हे तीनदा सांगितलं.

१० मार्च, सोमवार

आज दोन कामं होती. सकाळी धारवाडला शालिनीची तपासणी. श्रीलक्ष्मी डॉक्टरांनी मान चाचपली, तोंड बघितलं, आणि तिला म्हणाल्या, "काही नाही. स्वच्छ." इतकी वर्षं मी स्वच्छ हा शब्द झाडलोटीसाठीच वापरत आलोय.

दुपारी ट्रस्टच्या दवाखान्यात. यल्लव्वाच्या गालाला आतून पांढरा चट्टा आलाय. ती कुणाला बोलली नव्हती, पण शालिनी महिनाभर वस्तीतल्या प्रत्येक बाईचं तोंड उघडायला लावतेय, पाणी भरायच्या रांगेतसुद्धा. यल्लव्वाचा नवरा मल्लाप्पा बरोबर आला होता. आत जाताच तो सुरू झाला, "डॉक्टर, काय झालंय म्हणजे, हिला..."

शालिनी म्हणाली, "मल्लाप्पा अण्णा, फलक वाचला काय?"

"मला वाचता येत नाही की अक्का."

"मी वाचून दाखवतो. बाहेर बसा."

मग माझ्याकडे बघून, "तुम्ही पण."

आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. मल्लाप्पा फार वैतागला होता. "अण्णा, तीस वर्षं संसार केला. हिचं दुखणं माझ्यापेक्षा हिला जास्त कळतं काय?"

मी त्याला धीर दिला. म्हटलं, "नवीन पद्धत आहे. आपण सवय करायची."

थोड्या वेळानं शिकाऊ डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेली, चट्टा लवकर सापडला, गाठ नाही, मिश्री आजपासून बंद आणि छोटा तुकडा तपासायला काढतायत. मल्लाप्पानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दाराआडून यल्लव्वाचा आवाज येत होता, मध्येच शालिनीचा. यल्लव्वा इतकं बोलते हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं. मग दोघी एकदम मोठ्यानं हसल्या, विनायक डॉक्टरही हसले.

मल्लाप्पा डोळे पुसून म्हणाला, "कशाला हसालेत हो?"

मी म्हटलं, "काय की." आणि आम्ही दाराकडे बघत बसून राहिलो.